आमची तीन गाणी

गेल्या डिसेंबरात पुण्याबाहेरच्या एका लॉनवर रॉक शो होता. एरवी तिथे लग्नं लागतात. कमानीवर आदल्या दिवशीच्या झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि त्यांच्याखालून काळे टी-शर्ट घातलेली पोरं आत शिरत होती. मी पिटमध्ये होतो. पिट म्हणजे स्टेज आणि बॅरिकेडच्या मधली चार-पाच फुटांची बोळ. फोटोग्राफर आणि सिक्युरिटीची माणसं सोडली तर तिथे कुणाला शिरता येत नाही. नियम सगळीकडे तोच, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. तिसरं गाणं संपलं, सिक्युरिटीवाल्याने खांद्यावर थाप मारली, मी कॅमेरा पोटाशी धरून बाजूच्या फटीकडे निघालो. तेवढ्यात बॅरिकेडवर कोपरं टेकून उभी असलेली एक मुलगी पुढे वाकली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. घसा आधीच बसलेला.

“काका, आमची तीन गाणी खाल्लीत तुम्ही.”

भांडणाचा सूर नव्हता. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला की आपण ज्या सुरात बोलतो, तसा होता. मी सॉरी म्हणालो, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसणार, कारण तोवर चौथ्या गाण्याचे ड्रम पडले होते आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती.

‘काका’चं मला काही वाटलं नाही. एकोणपन्नासावं सरत आलंय, डोक्याच्या मधोमध एसटी स्टँडसारखं मोकळं आवार झालंय, मग कुणी काका नाही म्हणणार तर काय म्हणणार. लागलं ते ‘खाल्लीत’. रात्री मुंबईला परत येताना घाटात, मग फूड मॉलवर कागदी कपातला पाणचट चहा पिताना, तेच डोक्यात. ती दुपारपासून उभी असणार. बॅरिकेडची जागा अशी मिळत नाही. त्यासाठी गेट उघडल्या उघडल्या धावावं लागतं, मधल्या दोन-तीन नको असलेल्या बँडना टाळ्या द्याव्या लागतात, पाणी मोजून प्यावं लागतं, कारण बाथरूमला गेलं की जागा गेली. हे मला चांगलं माहीत आहे. मी हे सगळं केलेलं आहे. आणि एवढं करून ज्या बँडसाठी ती उभी होती, तो समोर आला तेव्हा तिला दिसली एका माणसाची पाठ.

माझंही असंच झालं होतं, 1994 साली, मुंबईत, रंगभवन या उघड्या थिएटरात.

रंगभवन गल्ली म्हटलं की आता 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याची रात्र आठवते, दुसरं काही आठवणं बरंही दिसत नाही. पण आमच्या वयाच्या काही लोकांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून ती गल्ली म्हणजे ऑगस्ट, पाऊस आणि गिटार. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ व्हायचं. 1986 ला सुरू झालेलं, सगळे त्याला आय-रॉक म्हणायचे. मी गिरगावातून चालत जायचो. वर छप्पर नाही, त्यामुळे पाऊस आला की आला. ओल्या जीन्सचा, भिजल्या केसांचा आणि चोरून ओढलेल्या सिगारेटचा मिळून एक वास असायचा, तो मला अजूनही कुठल्याही बंद पडलेल्या लोकलच्या डब्यात अचानक येतो. स्टेजवरची मंडळी इंग्रजीत गायची. आमच्या चाळीतून आलेल्या तिघांना त्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत, पण जे कळायचे नाहीत तेच आम्ही जास्त जोरात म्हणायचो.

मामा बोटीवर होता. त्याचा पेंटॅक्स के-1000 कॅमेरा त्या वर्षी माझ्या हाती आला होता, म्हणजे मी तो मागून घेतला होता, म्हणजे मामीला विचारलं होतं आणि मामाला कळवलं नव्हतं. 50 मिलिमीटरची लेन्स, ब्लॅक अँड व्हाइटचा 400 चा रोल. हा आकडा जितका मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो. बोरा बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं होतं की 1600 वर ठेव आणि धुताना ‘पुश’ करून घे, म्हणजे जास्त वेळ धुऊन घे. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा असतो, तो पूर्ण वेळ तळाशी आडवा पडून होता. मी दोन तास आधी जाऊन पुढे जागा धरली होती. आणि मुख्य बँड आला तसा माझ्यासमोर एक उंच माणूस येऊन उभा राहिला. अंगात खिशाखिशांचं जॅकेट, गळ्यात पास, हातात माझ्या मनगटाएवढी जाड लेन्स. फोटो घेताना तो दोन्ही कोपरं बाहेर काढायचा. मी मराठीत जे म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने वळून पाहिलं नाही. त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, पण त्याचं कोपर मी आजही ओळखेन.

चार दिवसांनी ठाकूरद्वारच्या स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडात धरली आणि विचारलं, “काय हो, आत लाइट गेले होते का?” 36 पैकी पाच फ्रेममध्ये काहीतरी होतं. त्या पाचांत एक खरोखर चांगली आहे. गिटारिस्टची बोटं, तारेवरून सरकताना किंचित पुसट झालेली, मनगटावर राखीचा दोरा. ऑगस्ट होता ना. आणि उजव्या कडेने आत घुसलेलं ते कोपर. मोठी प्रत काढायची तर कोपर कापावं लागतं, आणि कोपर कापलं की दोरासुद्धा जातो. म्हणून ती कधी मोठी केली नाही.

पुढे रंगभवनचे कार्यक्रम बंद झाले. शेजारी हॉस्पिटल, शेजारी कॉलेज, 2000 साली आवाजाचे नवे नियम आले, हॉस्पिटल-शाळा-कोर्टाभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. आय-रॉक तिथून उठून अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं. आम्ही सगळे चिडलो होतो. ढोल-ताशे चालतात, फटाके चालतात, आमची गिटारच तेवढी खुपते का, वगैरे. सह्यांच्या कागदावर मीही सही केली. घरी येऊन तावातावाने हे सांगत होतो तेव्हा ताई भाजी निवडत होती. तिचं पहिलं बाळंतपण त्याच भागातल्या हॉस्पिटलात झालेलं. ती वर न बघता म्हणाली, “टाके घातलेले असताना खिडकी हादरते ना, तेव्हा कळतं.” माझी सही तशीच राहिली. पण नंतर कुणी रंगभवनचा विषय काढून हळहळलं की मी मान डोलावतो आणि थोडा गप्प असतो.

बाबा नाट्यसंगीतातले. लक्ष्मीबागेतल्या बैठकांच्या गोष्टी सांगणारे. मी केस वाढवले त्यावरून ते एक शब्द बोलले नाहीत, पण एकदा आय-रॉकला निघताना त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं, “तुमच्यात सम कुठे येते?” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, गाणारा फिरून येऊन मिळतो ती. मला उत्तर देता आलं नव्हतं. बरीच वर्षं ते मी थट्टा म्हणूनच धरलं. खूप नंतर, कॅमेऱ्यामागे उभं राहून, वाटायला लागलं की प्रश्न बरोबर होता. कारण रॉकच्या शोमध्ये गायकाचा फोटो काढणं म्हणजे नव्वद टक्के वेळ त्याच्या तोंडावरच्या माइकचा फोटो काढणं. ओठ माइकला चिकटलेले, नाकाखाली काळा गोळा. चेहरा दिसतो तो ओळ संपल्यावर, तो श्वास घ्यायला माइकपासून मागे होतो तेव्हा. जेमतेम अर्धा सेकंद. गाणं पाठ असलं की हा श्वास कुठे येणार ते माहीत असतं. बोट आधीच खाली जायला लागतं. पाठ नसेल तर तो श्वास निघून गेल्यावर क्लिक होतो. माझे बरे म्हणावेत असे सगळे फोटो श्वासाचे आहेत. गाण्याचा फोटो मला अजून काढता आलेला नाही.

बाबांना हे सांगायला हवं होतं. ते 2009 ला गेले, आणि तेव्हा मला हे कळलेलं नव्हतं.

डिजिटल आल्यावर सोपं झालं असं लोकांना वाटतं. अंधाराचं सोपं झालं, खरंय. 3200 आयएसओ आता काहीच नाही. पण लाल उजेड आला. पूर्वीच्या पिवळ्या दिव्यांपुढे रंगीत कागद लावायचे, त्यातून थोडा तरी बाकीचा उजेड पाझरायचा. एलईडीचा लाल म्हणजे निव्वळ लाल. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांमधले दोन हिरवा उजेड टिपतात, एक निळा आणि एक लाल. स्टेज लाल झालं की चारातले तीन ठिपके बिनकामाचे बसून राहतात आणि उरलेला एक भरून वाहतो. चेहऱ्याच्या जागी शेंदूर फासलेला दगड दिसतो, डोळे सुद्धा बुजलेले. लाइटमनला मात्र लाल फार प्रिय, विशेषतः हेवी मेटलच्या लाइटमनला. सैतानाचा उल्लेख आला रे आला की लाल. मग आम्ही पिटमधले पाच-सहा जण एकमेकांकडे बघून कपाळाला हात लावतो. अशा फोटोंचं एकच करता येतं, घरी येऊन ब्लॅक अँड व्हाइट करायचे आणि कुणी विचारलं तर ‘तसाच मूड हवा होता’ म्हणायचं.

आणि पिटमध्ये गाणं ऐकू येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मोठे स्पीकर दोन बाजूंना उंच टांगलेले, ते डोक्यावरून मागच्या गर्दीकडे बोलत असतात. आपल्या पोटाशी असतात ते स्टेजखाली रांगेत मांडलेले सब-वूफर. त्यामुळे कानावर येतं ते असं: छातीत धडधड, ड्रमचा कच्चा पत्र्यासारखा आवाज, गिटारिस्टच्या पायाखालच्या पेडलची खट्ट, आणि कधीकधी माइकशिवायचा गायकाचा खरा, बारीक, माणसासारखा आवाज. मला हे आवडतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या बाजूने बसल्यासारखं आहे. पण ज्याला गाणं म्हणतात ते मागे, साउंडवाल्याच्या टेबलापाशी तयार होतं, आणि मी ते कैक वर्षांत तिथे उभं राहून ऐकलेलं नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी हिशोब सांगितला होता. 85 डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जायचं. शंभराला पंधरा मिनिटं उरतात. तीन गाणी म्हणजे साधारण तेवढंच होतं, मी हसलो. त्या हसल्या नाहीत. रात्री पंखा बंद केला की माझ्या उजव्या कानात कुकरची शिट्टी होण्याआधीची सुरसुर चालू असते, ती आता कायमची.

मग कॅमेरा घरी ठेवून का जात नाहीस, असं बायको विचारते. गेलोय की. 1 फेब्रुवारी 2008, बीकेसीचं मैदान, आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच शो आपल्या मुंबईत होता. स्वतःचं बोइंग 757 घेऊन आले होते आणि ते चालवत होता त्यांचा गायक, ब्रूस डिकिन्सन, हे आम्ही महिनाभर एकमेकांना असं सांगत होतो जसं काही विमान आमच्या गच्चीवर उतरणार आहे. आत कॅमेरा नेऊ देत नव्हते. म्हणजे ज्या अनुभवाबद्दल लोक भाषण देतात, की कॅमेरा नसला की माणूस खरं ऐकतो, ती संधी मला आयती मिळाली. काय आठवतं? धूळ. हजारो माणसं एका तालात उड्या मारतात तेव्हा मैदानातून जी उठते ती, दुसऱ्या दिवशी रुमालावर काळी निघालेली. माझ्या पुढच्या मुलाने मैत्रिणीला खांद्यावर घेतलं होतं, तिच्या बुटाचा सुटलेला बंद. गर्दीने इंग्रजी ओळी नव्हे, गिटारची धूनच ‘ओ ओ ओ’ करत गायली, ती ऐकून गायकाने माइक खाली केला होता, तेवढं आठवतं. बाकी गाण्यांची सरमिसळ. उलट कुठल्यातरी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये 2005 साली टिपलेल्या एका अनोळखी बँडच्या गायकाचे श्वास मी आजही मोजून दाखवीन. तेव्हा ते भाषण मला कुणी देऊ नये. मी कॅमेऱ्यानेच ऐकतो. चष्मेवाला चष्म्याने बघतो तसं.

हे सगळं मी त्या रात्री घाटात मनातल्या मनात त्या मुलीला सांगत होतो. माझी बाजू चांगली तयार झाली होती. की बाई गं, तुला ज्या बँडचं वेड आहे त्याचा फोटो उद्या तू फोनवर लावशील तो कुणीतरी इथे उभं राहूनच काढलेला असतो. की मला याचे पैसे मिळत नाहीत. एका छोट्या वेबसाइटकडून पास मिळतो, पेट्रोल माझं, टोल माझा. की तीन गाण्यांत आम्हाला तरी काय मिळतं? पहिल्या तीन गाण्यांत कुणाला घाम सुद्धा आलेला नसतो. केस जागेवर, शर्ट कोरडा, आवाज अजून शिस्तीत. खरा फोटो असतो शेवटच्या गाण्याला, जेव्हा डोळ्याचं काजळ गालावर आलेलं असतं आणि गिटारवाल्याच्या बोटाला चीर पडलेली असते, आणि तेव्हा आम्ही कंपाउंडबाहेर पाण्याच्या ड्रमपाशी उभे राहून मेमरी कार्ड बदलत असतो. खालापूरच्या टोलपर्यंत मी हा खटला जवळजवळ जिंकला होता.

पण ते कोपर.

मला आठवलं, मीही त्याच्याशी असाच भांडलो असतो तर त्यानेही हेच सांगितलं असतं. कदाचित त्यालाही पैसे मिळत नसतील. कदाचित त्याचा रोलही काळा निघाला असेल. पण त्याचा काळा रोल मला त्या वेळी काय कामाचा? मी भिजून दोन तास उभा होतो आणि मला बँडच्या जागी जॅकेटचे खिसे दिसत होते.

आठवड्याने, फोटो निवडून पाठवून झाल्यावर, त्या शोचे लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघत बसलो होतो. एक सापडला अगदी पुढच्या रांगेतला, मधोमध, जिथे ती उभी होती त्याच बाजूचा. तिचाच असेल असं म्हणत नाही. हलता, मधूनच फोकस सुटणारा. पहिलं गाणं सुरू होतं आणि चित्राच्या बरोबर मध्ये एक काळी आकृती. वरच्या टोकाला गोल टक्कल, त्यावर लाल लाइट पडला की गाभाऱ्यातल्या तांब्यासारखं चमकतंय. कोपरं बाहेर. चांगली हातभर बाहेर. मी कॅमेरा असा धरतो हे मला माहीतच नव्हतं. स्वतःची पाठ कोण बघतं? पूर्ण गाणं ती आकृती डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते, आणि गायक जिकडे जातो तिकडेच नेमकी जाते. जाणारच, मी त्याच्यामागे होतो. गाण्यावर चढलेला एका मुलीचा आवाज आहे, बेसूर, पण एकही शब्द न चुकणारा. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये तो थांबतो आणि अगदी स्पष्ट ऐकू येतं, “ओ काका, बसा ना!” आजूबाजूला हशा. आकृतीला पत्ता नाही. आकृतीच्या उजव्या कानात सुरसुर असते.

मग एक हात येऊन आकृतीच्या खांद्यावर पडतो, ती वाकते, वळते, क्षणभर माझा चेहरा दिसतो, तोंड उघडं, काहीतरी म्हणतोय. ते सॉरी असावं. आणि मी चित्राबाहेर जातो.

चौथं गाणं सुरू होतं. समोर काही नाही, नुसतं स्टेज. फोन एवढा हलतो की सुरुवातीला काही समजत नाही, ती उड्या मारत असणार. मग गायक पुढे येतो, स्टेजच्या कडेच्या मॉनिटर स्पीकरवर एक पाय ठेवतो, माइक लांब धरून खाली वाकतो आणि गर्दीकडे बघून हसतो. ओळ संपलेली, पुढची सुरू व्हायची आहे, कपाळावर घामाचा पहिला थर, आणि लाइट चक्क पांढरा. मी तेवीस वर्षं पिटमध्ये जातोय आणि हा फोटो मला मिळालेला नाही. कोपऱ्यात तिचं बोट आलंय लेन्सवर, गुलाबी, अंधुक.

ते गाणं मी चार वेळा पाहिलं. त्या वेळी मी पाण्याच्या ड्रमपाशी होतो.

खाली काही लिहावं असं मनात आलं होतं, लिहिलं नाही. पुढचा शो जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आहे. बॅग भरताना कॅमेरा, दोन लेन्स, कानातले बोळे, आणि डोकेदुखीच्या मलमाशेजारी पडलेली नीकॅप टाकली. तीन गाणी गुडघ्यावर बसायचं म्हणजे उजवा गुडघा बोलणार. बायकोने बघितलं आणि विचारलं, “डोंगर चढायचाय का?”